शेजारी दरवर्षी छाटतो, तरी हेज वाटेत येतेच कशी?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. चार घरांना मिळून एक वाट, कागदावर दहा फुटांची. डाव्या हाताला भिंत, उजव्या हाताला शेजाऱ्यांची हेज, म्हणजे झुडपांचं जिवंत कुंपण. वाट आता मोजली तर जेमतेम साडेसहा फूट भरते. गाडी आत घेताना आरसे मिटावे लागतात, पाऊस झाला की फांद्या ओझ्याने आणखी वाकतात आणि मागच्या महिन्यात सामानाचा टेम्पो तोंडाशीच अडकला. शेजाऱ्यांकडे विषय काढला की त्यांचं एकच उत्तर: ‘मी दरवर्षी छाटतो, हेज होती तिथेच आहे.’ तेव्हा एखाद्या रविवारी सकाळी आपणच कापून टाकली तर चालेल का, आणि चालत नसेल तर तक्रार कुठे करायची, असं तुम्ही विचारलंय.

मी वकील नाही. हेज लावणं, छाटणं आणि वेळ आली तर मुळासकट काढणं हा माझा वीस-बावीस वर्षांचा धंदा आहे. कायद्याचं जे थोडंफार सांगेन ते या कामात लोकांची भांडणं जवळून बघून कळलेलं. पण तुमच्या मजकुरात मला खरी मेख सापडली ती शेजाऱ्यांच्या त्या वाक्यात. तुम्ही ते त्यांच्या आडमुठेपणाचा नमुना म्हणून दिलंय. मला वाटतं, ते अगदी प्रामाणिकपणे बोलतायत. ते खरंच दरवर्षी छाटत असणार. तरीही हेज वाटेत आली आहे, आणि या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

कशा, ते सांगतो. हेज छाटताना कात्री नेमकी कुठे चालते ते बघा. मागच्या खेपेला जिथे कापलं होतं तिथे फांदी जाड आणि टणक झालेली असते, बारीकशी गाठ आलेली असते. त्या गाठीतून कापायचं तर हाताला जोर लागतो, यंत्राचं पातं अडकतं. म्हणून छाटणारा माणूस नकळत गाठीच्या किंचित बाहेरून, कोवळ्या फुटीतून कापतो. मागे राहतो तो अर्धा इंच. हेज दिसते कशी? सपाट, चापूनचोपून बसवलेली. पण वर्षातून तीनदा छाटली तर त्या अर्ध्या इंचाचा दीड इंच होतो आणि पंधरा वर्षांत साडेबावीस इंच. जवळजवळ दोन फूट वाट गेली आणि या पंधरा वर्षांत एकही छाटणी चुकलेली नाही!

हे मला पुस्तकाने नाही शिकवलं, माझ्याच एका गिऱ्हाइकाच्या शेजाऱ्याने शिकवलं. दुरांट्याची हेज होती, नऊ वर्षं मीच छाटत होतो. एक दिवस तो शेजारी टेप घेऊन आला आणि म्हणाला, हेज पुढे आली आहे. मी छाती काढून सांगितलं, वर्षाला तीनदा मी स्वतःच्या हाताने छाटतो, एक इंचही पुढे नाही. त्याने वाद घातला नाही. फाटकाच्या खांबाचा काँक्रीटचा पाया दाखवला. हेज लावली तेव्हा तो पाया वाटेच्या बाजूने पूर्ण उघडा होता, माझ्याच जुन्या फोटोत तो तसा दिसतो. आता तो हेजच्या पोटात गेला होता. मोजलं तर चौदा इंच. नऊ वर्षं, वर्षाला दीड इंच, हिशेब बरोबर जमतो. ती वाट मी खाल्ली होती, आणि वर तिचे पैसेही घेतले होते.

तेव्हापासून मी लोकांना एकच सांगतो. शेजाऱ्याला ‘हेज छाटा’ म्हणू नका. ते छाटतील, नेहमीसारखी, आणि दोन महिन्यांनी तुम्ही होता तिथेच. त्यांच्याकडून रेषा मागा. जमिनीवर पक्की खूण असलेली एक रेषा, आणि हेजचा दर्शनी भाग कुठल्याही महिन्यात तिच्या पुढे येणार नाही एवढा एकच करार. किती वेळा छाटायचं, कोणत्या यंत्राने, कोणाकडून, हे सगळं त्यांचं त्यांनी ठरवावं.

आता तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे. आपणच कापली तर? याला एका शब्दात उत्तर नाही, कारण ते दोन गोष्टींवर अवलंबून आहे. वाट कोणाच्या मालकीची, आणि तुमच्या देशातला कायदा काय म्हणतो.

‘सामायिक वाट’ हा शब्द आपण सैल वापरतो. कधी वाट चारही घरांच्या एकत्र मालकीची असते. कधी प्रत्येकाच्या घरासमोरचा तुकडा त्याचा आणि बाकीच्यांना जाण्यायेण्याचा हक्क. कधी अख्खी वाट एकाची, तुमची फक्त वहिवाट. आणि कधी लोक ज्याला खासगी समजत असतात ती वाट सार्वजनिक रस्ता म्हणून नोंदलेली निघते. तसं असेल तर काम सोपं होतं, कारण सार्वजनिक रस्त्यावर आलेला झाडोरा हटवायला लावणं हे स्थानिक प्रशासनाचं काम असतं. म्हणून शेजाऱ्यांशी बोलण्याआधी घराचे कागद काढा आणि वाटेबद्दल तिथे नेमके कोणते शब्द आहेत ते वाचा. ‘मालकी’ आहे की ‘जाण्यायेण्याचा हक्क’? रुंदी आकड्यात दिली आहे का? निम्मी भांडणं या दोन ओळी कोणी वाचलेल्या नसतात म्हणून चाललेली असतात.

कायद्याचं म्हणाल तर देशोदेशी तऱ्हा वेगळी. इंग्लंडमध्ये आपल्या हद्दीत आलेली फांदी आपल्याच जागेत उभं राहून हद्दीपर्यंत कापता येते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एक झाडाचा खटला तिथल्या सर्वोच्च पातळीपर्यंत गेला आणि तेव्हापासून हे पक्कं आहे. मात्र कापलेली फांदी झाडाच्या मालकाचीच राहते. जर्मनीच्या नागरी संहितेत, कलम ९१० मध्ये, आधी शेजाऱ्याला वाजवी मुदत द्यावी लागते, आणि फांदीचा तुम्हाला खरोखर त्रास होत असला पाहिजे. फ्रान्समध्ये कलम ६७३ प्रमाणे मुळं तुम्ही स्वतः कापू शकता, पण फांद्या नाही. त्या मालकालाच कापायला लावायच्या. जपानमध्येही फांदीला हात लावता येत नसे, एप्रिल २०२३ पासून नियम सैल झाला. आता मालकाला सांगूनही त्याने वाजवी मुदतीत कापली नाही तर शेजारी कापू शकतो.

आणि भारतात? इथे एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यातलं कलम ३६ म्हणतं की वहिवाटीच्या हक्कात कोणी बेकायदा अडथळा आणला तरी हक्क असलेल्याने तो स्वतः दूर करायचा नाही. म्हणजे तुमची त्या जागेवर मालकी नसून फक्त जाण्याचा हक्क असेल, तर अडथळा खरा असूनही तुमच्या हातातली करवत कायद्याने तुमच्या बाजूची नाही. मार्ग दिवाणी दाव्याचा. मालकी सामायिक असेल तर चित्र वेगळं, आणि तिथे मात्र कागद घेऊन वकिलाकडे जावं. रांगेत एखादं मोठं झाड झालेलं असेल तर तेही वेगळं काढा. अनेक शहरांत झाड तोडायलाच नव्हे, त्याच्या मोठ्या फांद्या उतरवायलाही परवानगी लागते.

इंग्लंडमध्ये २००३ च्या एका कायद्यात उंच हेजबद्दल तक्रार करता येते, दोन मीटरच्या वरच्या सदाहरित हेजबद्दल. असा कायदा आपल्याकडे हवा, असं लोक मला सांगतात. तो आपल्या उपयोगाचा नाही. तो उजेड अडवणाऱ्या उंचीसाठी आहे, आणि तुमचा प्रश्न रुंदीचा आहे. हा फरक शेजाऱ्यांशी बोलतानाही लक्षात ठेवा. हेज उंच आहे, भकास दिसते, पाला पडतो, डास होतात, अशा चार तक्रारी एकदम केल्या की समोरचा त्यातल्या सगळ्यात कच्च्या तक्रारीवर बोट ठेवतो आणि बाकीच्या तीन तिथेच मरतात. वाटेबद्दल बोला, फक्त वाटेबद्दल.

कायदा परवानगी देत असला तरी रविवारच्या सकाळच्या कार्यक्रमाला माझा विरोध आहे, आणि त्याचं कारण माझ्या धंद्यातलं आहे. एका वाटेवर मोरपंखीची हेज होती. शेजारी वैतागला, भाड्याने यंत्र आणलं आणि बरोबर हद्दीच्या रेषेत, ओळंबा लावल्यासारखं कापून मोकळा झाला. हक्काने बोलायचं तर त्याचं चुकलं असं म्हणता येणार नाही. पण मोरपंखीची हिरवाई बाहेरच्या थरातच असते, आत नुसतं तपकिरी लाकूड. ते लाकूड पुन्हा फुटत नाही. त्या बाजूने हेज कायमची उघडी पडली आणि दोन्ही घरं त्या वाळक्या काड्यांकडे रोज सकाळी बघत राहिली. मला बोलावलं तेव्हा उपाय एकच उरला होता, मुळासकट काढणं. खर्च कोणी करायचा यावर ते पुढची तीन वर्षं बोलत नव्हते.

म्हणून सगळ्यात आधी हेज कशाची आहे ते ओळखा. जास्वंद, दुरांटा, मेंदी, बोगनवेल यांना जुन्या जाड लाकडावरही निद्रिस्त डोळे, म्हणजे न फुटलेले कोंब, असतात. वरची फांदी कापली की शेंड्याकडून खाली येणारा आणि डोळ्यांना दाबून ठेवणारा संप्रेरकाचा अंमल संपतो आणि हे डोळे जागे होतात. अशी हेज अगदी खोडापर्यंत कापली तरी महिन्या-दोन महिन्यांत धुमारे येतात. मोरपंखी, सायप्रस या जातकुळीत हे होत नाही. थंड देशांत ज्या लेलँड सायप्रसने शेजाऱ्यांना कोर्टात नेलं तो वर्षाला तीनेक फूट वाढतो आणि पानं नसलेल्या लाकडापर्यंत कापला की तिथे कायमचा बोडका राहतो. त्याच गटातलं यू नावाचं झाड मात्र अपवाद आहे, ते जुन्या लाकडातूनही फुटतं. ओळख पटत नसेल तर आतली एखादी पानं नसलेली फांदी शेजाऱ्यांना विचारून कापून बघा आणि दोन महिने थांबा. फुटली तर पुढे जा.

आता मोजणी. मोजायचं काय? सगळे जण भिंतीपासून हेजच्या पानांपर्यंत मोजतात. तो आकडा भांडणाचा असतो, उपायाचा नसतो. वाकून आत हात घाला आणि बुंध्यांची रांग हद्दीपासून किती आत आहे ते मोजा. हा सगळ्या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा आकडा आहे, आणि मला बोलावणाऱ्या दहांतल्या नऊ जणांना तो माहीत नसतो.

कारण असं. झुडपी हेज दाट आणि हिरवी राहायची तर बुंध्यापासून बाहेर निदान फूट-दीड फूट जागा तिला लागतेच. बुंधे हद्दीपासून दीड-दोन फूट आत असतील तर तुमचं काम सोपं, कारण हेजला तिच्याच जागेत राहता येतं. ती फक्त सरकली आहे, मागे ढकलायची. पण बुंधे हद्दीला चिकटून लावले असतील तर जगातला सगळ्यात सज्जन शेजारीसुद्धा ती हेज वाटेबाहेर ठेवू शकणार नाही. दर पावसात ती येणारच. तुमचा हिशेब मला असाच दिसतो. साडेतीन फूट गेले आहेत. त्यातले दोन पंधरा-वीस वर्षांच्या सरकण्याचे असतील, उरलेला दीड लावतानाच गेला असावा. तसं निघालं तर छाटणीवर भांडण्यात अर्थ नाही. मग दोनच रस्ते उरतात. एक, ती रांग काढून आत दुसरी लावणं, किंवा जाळीवर वेल चढवणं, कारण वेल सहा-आठ इंचांत मावतो. दोन, त्या बाजूने फूटभर सगळ्यांनी मिळून सोडून देणं. दुसरा रस्ता ऐकून तुम्हाला राग येईल. पण वाटेला नेमकी किती रुंदी लागते तेही बघा. लहान गाडी आरशांसकट सहा-साडेसहा फुटांत बसते. रुग्णवाहिकेला आणि टेम्पोला आठ फूट असले तर चालक श्वास घेऊ शकतो. मोठी अग्निशमन गाडीच साधारण अडीच मीटर रुंद असते, म्हणजे आठ फुटांहून थोडी जास्त, आणि तिला दोन्ही बाजूंना मोकळीक हवी. माझं मत विचाराल तर नऊ फुटांच्या खाली तडजोड करू नका, आणि शेवटच्या फुटासाठी नातं तोडू नका. मात्र सोडायचंच ठरलं तर ते सवलत म्हणून सोडलं आहे, मालकी दिलेली नाही, हे चार ओळींत लिहून ठेवा.

मोजणी दोघांनी मिळून करायची. तुम्ही एकट्याने मोजून फोटो पाठवलात की तो आरोप होतो. ‘उद्या सकाळी पंधरा मिनिटं याल का, टेपचं एक टोक तुम्ही धरा’ असं म्हटलं की फार थोडे लोक नाही म्हणतात. टेप हातात असलेला माणूस आकड्याशी वाद घालत नाही, हा माझा अनुभव. दोन टोकांना खुंट्या ठोका आणि मध्ये लाइनदोरी ताणा, गवंडी ताणतात तशी. हेजच्या आत शिरणारी ती दोरी बघितल्यावर शेजाऱ्यांना जे कळेल ते तुमच्या दहा पत्रांनी कळणार नाही. दोरीची जागा ठरली की खुंट्यांच्या जागी कायमची खूण करा: भिंतीवर रंगाचा पट्टा, जमिनीत दगड, काहीही, पण हलणार नाही असं. हद्दच वादाची असेल तर खूण करण्याआधी सरकारी मोजणी मागवा. घराच्या कागदातला लहानसा नकाशा इंचांचा वाद सोडवायला केलेला नसतो.

बोलणं कसं करायचं हेही तुम्ही ओघात विचारलं आहे. लोक हेज कापू द्यायला तयार नसतात त्यामागे बहुतेक वेळा एकच भीती असते. आपलं अंगण उघडं पडेल. ते असं बोलून दाखवत नाहीत, ‘झाड मरेल’ म्हणतात. म्हणून त्यांना आधीच सांगा की कापायची ती फक्त वाटेकडची बाजू. त्यांच्या अंगणाकडची बाजू आणि उंची या वर्षी तशीच राहणार. हे मनधरणीसाठी नाही, झाडासाठीही हेच योग्य आहे. जुनी, फुगलेली हेज एका वर्षी एकाच बाजूने खोडाजवळ आणायची, ती नीट भरली की पुढच्या वर्षी दुसरी बाजू. एका बाजूची पानं शाबूत असली की झाडाला अन्न मिळत राहतं आणि कापलेली बाजू जोमाने फुटते. पहिले दोन-तीन महिने वाटेकडून नुसत्या काड्या दिसतील, हेही लपवू नका. कापल्यावर धक्का बसलेला शेजारी पुढच्या वर्षी परवानगी देत नाही. एखाद्या जागी आरपार दिसायला लागलं तर तेवढ्यापुरती हिरवी जाळी लावून द्या.

खर्च? सरकलेली हेज मागे न्यायचा पहिला खर्च खरं तर तिच्या मालकाचा. पण तुमच्या वाटेवर चार घरं आहेत. चौघांनी वाटून घेतलात तर तो माणूस एकटा पडत नाही, आणि त्याच्या दारात एकटे तुम्हीच वारंवार उभे राहणारे शेजारी ठरत नाही. पुढची दर वर्षाची छाटणी त्याची. कापलेल्या फांद्या काय करायच्या तेही आधी विचारा, त्यांच्या आहेत. त्यांच्या अंगणात परत टाकण्याचा प्रकार मी दोनदा पाहिलाय, दोन्हीदा पोलीस आले होते.

कामाच्या दिवसाबद्दल थोडं. झाड नव्या वाढीला लागण्याच्या सुमाराला कापा. कडक उन्हाळ्याच्या ऐन मध्यात किंवा कडाक्याच्या थंडीच्या तोंडावर नको. आधी घरटी बघा. बुलबुल, शिंपी, शिंजीर यांना अशा दाट हेजा फार आवडतात. अंडी-पिल्लं असतील तर तीन-चार आठवडे थांबल्याने तुमचं काही जात नाही, आणि काही देशांत वापरातलं घरटं मोडणं हा गुन्हा आहे. कापण्याआधी हाताने आत चाचपून बघा. जुन्या हेजच्या पोटात पूर्वीचं काटेरी तारेचं कुंपण बऱ्याचदा असतं, खोडं त्या तारेभोवती वाढून तिला गिळून टाकतात. चेन सॉ तिच्यावर गेली की पातं उलटून तोंडाकडे येतं. माझ्या डाव्या मनगटावरची खूण तिथलीच आहे, तो हात मध्ये आला म्हणून तोंड वाचलं. शेराची हेज असेल तर चष्मा आणि हातमोज्यांशिवाय जवळ जाऊ नका. त्याचा चीक डोळ्यांत गेला तर डोळे भरपूर पाण्याने धुऊन थेट डॉक्टर गाठायचा. कण्हेर असेल तर पाला गुरांपुढे टाकू नका आणि फांद्या जाळूही नका, तिचा धूरही विषारी असतो.

कापायचं रेषेवर नाही, रेषेच्या आत. निदान वीतभर आत. म्हणजे नव्या फुटीला भरायला जागा राहते आणि भरलेली हेज रेषेला येऊन टेकते. जाड फांद्या करवतीने एकेक करून, यंत्र शेवटच्या हातासाठी. आणि भिंतीसारखी सरळ उभी कापू नका. खाली रुंद, वर किंचित निमुळती, तीन फूट उंचीला तीन-चार इंच आत, एवढा उतार पुरतो. सरळ किंवा वर रुंद हेजच्या पायथ्याशी ऊन पोचत नाही, खालची पानं झडतात आणि मग मालक खालची भोकं झाकायला फांद्या बाहेर वाढू देतो. पायथा थोडा रुंद राहिला तर चालतो. वाटेला रुंदी हवी असते ती आरशाच्या उंचीला. वाटेवर वरून आलेल्या फांद्याही बारा-चौदा फुटांपर्यंत मोकळ्या करून घ्या, टेम्पोचं टप बहुतेक तिथेच अडकलं असणार.

पुढे दर दोन-तीन वर्षांनी एकदा त्या जुन्या गाठींच्या आत जाऊन कापायचं. अर्ध्या इंचांचा साठा तेवढ्यातच काढून टाकायचा. हे एक वाक्य त्यांच्या माळ्याला समजलं तर तुम्हाला पुन्हा कोणाला काही विचारावं लागणार नाही.

आणि एवढं करूनही शेजारी ‘नाही’च म्हणाले तर? मग लेखी द्या. दोन-चार ओळी, तारीख, मोजलेली रुंदी, टेप दिसेल असा फोटो आणि वाजवी मुदत. चारही घरांच्या, निदान तीन घरांच्या सह्या. भाषा अशी ठेवा की उद्या ती न्यायाधीशाने वाचली तर तुम्हाला लाज वाटू नये. त्यानंतर दोघांना मान्य असलेला तिसरा माणूस, आणि तेही फसलं तर वकील किंवा वाट सार्वजनिक निघाली असेल तर स्थानिक प्रशासन. रात्री जाऊन बुंध्यांत तणनाशक किंवा मीठ ओतण्याचा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईल, दरवेळी कोणी ना कोणी देतोच. ते करू नका. तणनाशकाचे फवारे हवेने भलतीकडे जातात, मिठाने तुमच्या बाजूची मातीही खराब होते, आणि मेलेली हेज कोणी मारली हे ओळखायला गावात दुसरा संशयित नसतो.

हेज कशाची आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. जमलं तर पानाचा जवळून एक फोटो काढा, आणि बुंध्यांपासून हद्दीपर्यंतचं अंतर इंचांत मोजून कळवा. मोरपंखी किंवा सायप्रस असेल तर खोडाजवळ आणण्याबद्दल वर जे लिहिलंय ते तसंच करायला जाऊ नका, त्याचा मार्ग वेगळा सांगावा लागेल.